तात्पर्य काय, आबा?

मे महिन्यात आमच्या ऐरोलीच्या सोसायटीबाहेर खोदकाम निघालं आणि त्यात इंटरनेटची केबल तुटली. पहिल्या दिवशी मुलं सैरभैर झाली, दुसऱ्या दिवशी त्यांचे आईबाप. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात मुलं आमच्या हॉलमध्ये येऊन बसली, कारण माझी नात सुट्टीला आली होती आणि हिने कैरीचं पन्हं केलं होतं. सात मुलं आहेत, पन्हं आहे आणि वायफाय नाही! बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला संधी ओळखता येते. मी कपाट उघडून ॲलिस बाहेर काढली.

खरं तर मला मराठी ॲलिस हवी होती. भा. रा. भागवतांनी तिला मराठीत आणताना तिचं नाव जाई ठेवलं. ‘जाईची नवलकहाणी’ आमच्याकडे होती. ‘होती’ म्हणजे कुणीतरी ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणून नेली. त्यामुळे डोळ्यांसमोर इंग्रजी आणि तोंडाने मराठी, असा प्रयोग करणं आलं.

माझा हेतू उदात्त होता. गोष्ट सांगायची आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक तात्पर्य द्यायचं. आमची पिढी इसापनीतीवर वाढलेली. कोल्ह्याला द्राक्षं मिळोत न मिळोत, आम्हाला तात्पर्य मिळायचंच.

सुरुवात झकास झाली. ससा आला, त्याने कोटाच्या खिशातून घड्याळ काढलं, उशीर झाला म्हणून हळहळला आणि बिळात शिरला. त्याच्यामागे ॲलिसही. बीळ म्हणजे चक्क विहीर, आणि पडायचं ते अगदी सावकाश, आजूबाजूच्या फडताळांवर काय काय ठेवलंय ते बघत. पडता पडता ती एक मोरांब्याची बरणी उचलते. (पुस्तकात संत्र्याचा मुरंबा आहे, पण पन्ह्याचे पेले हातात असताना कैरी सोडून संत्र्याकडे कोण जाईल?) बरणी निघते रिकामी. पण खाली कुणाच्या टाळक्यात बसेल म्हणून ती खाली न टाकता वाटेतल्या दुसऱ्या फडताळात ठेवते.

“तात्पर्य,” मी घसा खाकरला, “वरून वस्तू खाली टाकू नये.”

“हे लिफ्टजवळ लिहिलंय, आजोबा,” पाचवीतला एक मुलगा म्हणाला. या मुलाचं नाव मी मनातल्या मनात ‘वकील’ ठेवलं आहे. “आणि रिकामी बरणी परत फडताळात ठेवली ते? आमच्याकडे मार बसतो.”

बी विंगची पहिली फेरी वकिलाने जिंकली.

मग ती बाटली आली. ॲलिसला खाली एका टेबलावर बाटली सापडते आणि बाटलीला चिठ्ठी, की मला पी. तिच्यावर विष असं कुठे लिहिलेलं नाही ना, एवढं बघून ही पोरगी ती तोंडाला लावते. आतल्या पेयाला चेरीचा टार्ट, कस्टर्ड, अननस, भाजलेली टर्की, टॉफी आणि लोणी लावलेला गरम टोस्ट यांची एकत्रित चव असते. आता हे मराठीत कसं सांगायचं? टार्ट आणि कस्टर्ड मी बासुंदीत बुडवलं, अननसाचा शिरा केला आणि बेसावधपणे ‘टर्की’ तसंच बोलून गेलो.

“टर्की म्हणजे?” पुढचे दोन दात पडलेला दुसरीतला एक मुलगा होता, त्याने विचारलं.

“टर्की देश आहे,” वकील म्हणाला.

“बाटलीत भाजलेला देश?”

त्याचे डोळे असे चमकले की तो पक्षी असतो हे सांगायचा मला धीर झाला नाही. भाजलेला देश ही कल्पना लुईस कॅरलला सुचली असती तर त्यानेही ती ठेवली असती.

दुसऱ्या संध्याकाळी नातीने विचारलं, “आबा, हे असलं कुणाला सुचलं?”

“गणिताच्या सरांना,” मी म्हणालो. कुणाचाही विश्वास बसला नाही. एका मुलीने तर ‘शप्पथ?’ म्हणून हात पुढे केला. मग सगळं रीतसर सांगावं लागलं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात चार्ल्स लटविज डॉजसन नावाचे तीस वर्षांचे सर गणित शिकवायचे. 4 जुलै 1862 या दिवशी त्यांनी आणि त्यांचे मित्र डकवर्थ यांनी कॉलेजच्या डीनसाहेबांच्या तीन मुलींना थेम्स नदीत होडीतून सहलीला नेलं. मुलींनी गोष्टीचा हट्ट धरला. सरांनी जे तोंडाला येईल ते सांगायला सुरुवात केली आणि पुढे काय होणार याचा स्वतःलाच पत्ता नसताना नायिकेला थेट बिळात ढकलून दिलं. मधली बहीण ॲलिस दहा वर्षांची होती. ती मागे लागली, की हे मला लिहून द्या.

“दिलं?”

“दिलं. स्वतःच्या हाताने लिहून, 37 चित्रं स्वतः काढून, 1864च्या नोव्हेंबरात.”

“दोन वर्षांनी?” वकील उठून बसला. “आम्ही गृहपाठ दोन दिवसांनी दिला तर—”

सरांची बाजू सावरायला मी घाईघाईने छपाईची हकीकत काढली. पुस्तक छापण्याच्या लायकीचं आहे का, हे बघायला सरांनी ते जॉर्ज मॅकडोनाल्ड या लेखकमित्राच्या घरी पाठवलं. तिथे ते मुलांना वाचून दाखवलं गेलं. मॅकडोनाल्डचा सहा वर्षांचा मुलगा ग्रेव्हिल ऐकून म्हणाला, की याच्या साठ हजार प्रती निघायला हव्यात. 1865 साली पुस्तक निघालं, तर चित्रकार जॉन टेनिएलला छपाई पसंत पडली नाही, म्हणून पहिल्या दोन हजार प्रती मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापलं. म्हणजे हट्ट मुलीने केला, शिफारस सहा वर्षांच्या मुलाने केली आणि रुसला कोण, तर मोठा माणूस.

इथे मला परिश्रमांचं महत्त्व सांगायचं होतं. पण दातपडक्या आधीच कामाला लागला होता. त्याला साठ हजार प्रतींची थप्पी आमच्या इमारतीपेक्षा उंच होईल का, हे हवं होतं. मुलं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडत बसली. गणिताच्या सरांना हे बघून बरं वाटलं असतं.

त्यानंतरची प्रकरणं मी वाचली असं म्हणणं धाडसाचं होईल. त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली. भिजलेले प्राणी अंग वाळवायला शर्यत लावतात. कुणीही कधीही सुटतो, कधीही थांबतो आणि शेवटी सगळेच जिंकतात. मला वाटलं, मुलांना याची गंमत वाटेल. कुणी हसलंच नाही. “आमच्या स्पर्धेत तसंच असतं,” नात म्हणाली. “सगळ्यांना सर्टिफिकेट.” पुस्तकात बक्षिसं कोण देतं, तर ॲलिस स्वतः, खिशातल्या गोळ्या वाटून. आणि तिला बक्षीस म्हणून तिच्याच खिशातलं अंगुस्तान तिलाच समारंभपूर्वक देतात. यावर मागे बसलेला एक पिता मनापासून हसला. त्याने नुकतीच कुठल्या तरी स्पर्धेची फी भरली होती.

चहाच्या मेजवानीला हिनेही भाग घेतला. काळ रुसल्यामुळे तिथे घड्याळात कायम सहाच वाजलेले असतात, म्हणजे कायम चहाची वेळ. कपबश्या विसळायला फुरसत नाही, म्हणून मंडळी टेबलाभोवती एकेक खुर्ची पुढे सरकतात.

“आणि सगळे कप उष्टे झाल्यावर?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

नेमका हाच प्रश्न ॲलिसही विचारते. त्यावर पुस्तकातला ससा विषय बदलतो. मीही बदलला.

खरा कहर झाला तो क्रोकेच्या सामन्यात. राणीच्या मैदानावर चेंडू म्हणजे जिवंत साळिंदरासारखे काटेरी प्राणी आणि बॅटी म्हणजे जिवंत फ्लेमिंगो. आता ऐरोलीच्या मुलांना फ्लेमिंगो पुस्तकात बघावा लागत नाही. ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर आहे, 2015 साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य झालं आहे, आणि मुलांनी शाळेत ‘फ्लेमिंगो वाचवा’ची पोस्टरं रंगवलेली आहेत. त्याला उलटा धरून बॅटिंग करतात म्हटल्यावर सभेत प्रचंड गदारोळ झाला. “तक्रार करायला पाहिजे,” एक चष्मेवाली मुलगी रडवेली होऊन म्हणाली. सरांच्या हस्तलिखितात आधी शहामृग होते, छापताना त्यांचे फ्लेमिंगो झाले, ही माहिती देऊन मी वातावरण निवळवू पाहिलं. “म्हणजे शहामृगांनी तक्रार केली असणार,” वकिलाने निकाल दिला. शेवटी मी टेनिएलचं चित्र दाखवलं. त्यात ॲलिसच्या काखेतला फ्लेमिंगो मान वळवून तिच्याकडे असा बघतोय, की खेळ कुणाच्या हातात आहे ते स्पष्टच होतं. मग कुठे चष्मेवालीचं समाधान झालं.

आणि मग ती डचेस आली.

ही बाई ॲलिसच्या खांद्यावर आपली टोकदार हनुवटी रुतवून तिच्यासोबत चालते आणि काहीही घडलं तरी त्यातून तात्पर्य काढते. मोहरीतून तात्पर्य, फ्लेमिंगोतून तात्पर्य, ॲलिस गप्प बसली तर तिच्या गप्प बसण्यातूनही तात्पर्य. मी रंगात येऊन, आवाज बारीक करून वाचत होतो. समोर खसखस पिकली. मला वाटलं, माझा अभिनय जमला. मग लक्षात आलं, सातही मुलं पुस्तकाकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

“आबा,” नात म्हणाली, “ही तूच आहेस!”

स्वयंपाकघरातूनही हसू ऐकू आलं. ते जरा लांबलंच.

त्या रात्री मी ते प्रकरण पुन्हा एकट्याने वाचलं. सरांच्या काळात इंग्लंडातल्या मुलांच्या पुस्तकांत उपदेश ठासून भरलेला असायचा. मुलांकडून घोकून घेतल्या जाणाऱ्या बोधपर कवितांची सरांनी या पुस्तकात यथेच्छ टिंगल केली आहे, आणि जी एक बाई बोध देत हिंडते, तिची हनुवटी मुलीला टोचते एवढं नोंदवून ते पुढे गेले आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी थेम्सच्या काठी बसून या गृहस्थाने मला ओळखलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी हनुवटी आवरली.

शेवटचं प्रकरण खटल्याचं. राणीचे टार्ट चोरीला गेलेत, बदामचा गुलाम आरोपी आहे, आणि राणीचं म्हणणं असं, की आधी शिक्षा, निकाल नंतर. “आई असंच करते,” एकाच वेळी चार आवाज आले. आधी टॅब काढून घेते आणि मग विचारते काय झालं. मी ऐन रंगात आलो असताना कोपऱ्यातला राउटर लुकलुकला. केबल जोडली गेली होती. सातातली पाच मुलं कोर्टातून अशी पळाली, की पत्त्यांचा बंगला कोसळतानाही एवढा आवाज झाला नसता.

उरली नात आणि दातपडक्या. आम्ही तिघांनी खटला संपवला. म्हणजे ॲलिसने संपवला. तुम्ही तर नुसते पत्ते, असं सुनावून ती जागी होते.

“मग टार्ट कुणी चोरले?” दातपडक्याने विचारलं.

“ते कोर्टात ठरतच नाही.”

“आणि तात्पर्य?”

“नाही.”

त्याने बराच वेळ विचार केला. मग पुस्तक मागितलं. इंग्रजी त्याला अजून अडखळत वाचता येतं, पण त्याला स्वतः बघायचं होतं, मी काही गाळलं तर नाही ना. त्याचा संशय अगदीच निराधार नव्हता. टर्कीचं प्रकरण माझ्या मनावर होतंच. “दोन दिवसांत आणून देतो,” असं म्हणून तो ते काखेत मारून गेला.

त्याला आता महिना झाला. वकील परवा लिफ्टमध्ये भेटला. पुस्तक सध्या त्याच्याकडे आहे आणि टार्ट राणीनेच खाल्ले असा त्याचा पक्का निष्कर्ष आहे. चष्मेवालीचा नंबर पुढे आहे, म्हणे. मी पुस्तक मागितलेलं नाही आणि मागणारही नाही.

‘जाईची नवलकहाणी’ ज्यांनी नेली आहे, त्यांनी मात्र ती कृपया आणून द्यावी. ते दोन दिवस केव्हाच संपले.