टिंबापुढचे काका

सिंगापूरमधील मराठी कुटुंबांत आढळणारे एक्स्टेन्शनकाका पन्नाशीच्या आसपासचे असतात. वायटूकेच्या हंगामात ते पुण्याहून किंवा ठाण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर दोन वर्षांसाठी म्हणून येतात आणि पुढे पीआर होऊन सेंगकांग, पुंगोल नाहीतर ईस्ट कोस्टकडे घर करतात. एकेकाळी त्यांनी कोबोल किंवा सी लिहिलेले असते. सध्या ते बँकेत असतात आणि हुद्द्यात ‘टेक्नॉलॉजी’ हा शब्द असतो. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपायलर चालवण्याची परवानगी त्यांना नसते. दिवसभर ते दुसऱ्यांच्या स्लाइडमधले फाँट सारखे करतात. नाव एक आणि आतला माल दुसरा, ही स्थिती त्यांना फायलींमध्ये चटकन ओळखू येते, यात नवल नाही.

त्यांच्या उपचाराचा खास रोग एकच. नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहायचा, ‘हॅलो डॉट जावा’ असे नाव देऊन सेव्ह करायचा आणि चालवायला गेले की संगणकाने अशी फाईलच नाही म्हणून सांगायचे. नोटपॅडचा मूळ धर्म साधा मजकूर ठेवण्याचा. त्यामुळे नावाला तो पुष्कळदा आपले ‘डॉट टीएक्सटी’ मुकाट्याने जोडतो. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नावातली टिंबापुढची अक्षरे, लपवून ठेवत असल्याने हे शेपूट दिसत नाही. फाईल असते ‘हॅलो डॉट जावा डॉट टीएक्सटी’, दिसते ‘हॅलो डॉट जावा’. एचटीएमएलच्या फाईलला हेच झाले, तर ब्राउझर पान दाखवण्याऐवजी सगळे टॅग जसेच्या तसे समोर मांडतो.

काकांना बोलावणे येते ते प्रकरण पूर्ण चिघळल्यावर. पॉलिटेक्निकला जाणाऱ्या मुलीच्या वडिलांनी तोवर लॅपटॉप अनेकदा बंद-चालू केलेला असतो, जावा काढून पुन्हा टाकलेले असते आणि आता सिम लिम स्क्वेअरला नेऊन रॅम वाढवावी, इथपर्यंत विचार गेलेला असतो. (रॅमचा संबंध नसतो. या वडिलांकडे कशावरच रॅमशिवाय दुसरा इलाज नसतो.)

“काका, फाईल समोर दिसतेय, तरी नाही म्हणतंय,” मुलगी सांगते.

“दिसतेय ना? तिथंच तर गोची आहे,” असे म्हणून काका आधी चहा घेतात. निदान त्यांनी दारातूनच केलेले असते, कारण फाईलचे चित्र नोटपॅडचे आहे आणि शेजारच्या रकान्यात ‘टेक्स्ट डॉक्युमेंट’ लिहिलेले आहे. पण लगेच सांगितले तर त्यात काय राहिले? ते माउस बाजूला सारतात, काळी खिडकी उघडतात, ‘डीआयआर’ एवढी तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबतात आणि मागे रेलून बसतात. यादीत पूर्ण नाव शेपटासह उमटते. काका बिस्किटाने त्यावर बोट ठेवतात. स्क्रीनवर पडलेला चुरा पुसायला मुलीची आई फडके आणते.

यानंतर इतिहास येतो. तो टाळता येत नाही. डॉसच्या काळात नावाला आठ अक्षरे आणि टिंबापुढे तीन एवढीच जागा असे, पण जे असे ते उघड असे. 1995 साली विंडोज 95 आले, नावे लांबलचक झाली आणि त्याच घरात एक्स्टेन्शन पडद्याआड गेले. मग मे 2000: मनिलाहून निघालेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ या नावाने जगभर पोचला. शेवटचा व्हीबीएस लपलेला, म्हणून लोकांनी साधे प्रेमपत्र समजून तो उघडला. मनिला सिंगापूरहून विमानाने जेमतेम चार तासांवर, हे काका अशा सुरात सांगतात की जणू ते पत्र त्यांच्याच मेलबॉक्सवरून वळसा घालून गेले. सिंगापूरचे तत्कालीन पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी 2015 मध्ये सुडोकू सोडवणारा आपला सी प्लस प्लस प्रोग्राम फेसबुकवर सर्वांसाठी खुला केला, हेही ओघात येतेच. पुढे “आणि आपण?” असे विचारून काका सर्वांकडे पाहतात. त्यांच्याकडे पाहण्याचे धाडस कोणी करत नाही.

उपचार अर्ध्या मिनिटाचा असतो. शेपूट लपलेले असताना नाव कितीही वेळा बदलले तरी ते मागे राहतेच, म्हणून आधी ते उघड करावे लागते. विंडोज 11 मध्ये व्ह्यू, त्याखाली शो आणि त्यात ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’. काका मात्र जुन्या सवयीने कंट्रोल पॅनेलमध्ये शिरतात आणि मुलगी तोवर ते शोधून काढते. मग ‘डॉट टीएक्सटी’ खोडायचे. एक्स्टेन्शन बदलल्यास फाईल निकामी होऊ शकते, असा इशारा विंडोज देते. घर स्तब्ध होते. काका न वाचता ‘येस’ दाबतात. आठवडाभराच्या मीटिंगांत एवढा ठाम निर्णय त्यांना एकदाही घ्यायला मिळालेला नसतो.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे, यावर काकांत दोन पंथ आहेत. सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडावे, हा एक. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे, हा दुसरा. दोन्ही उपाय लागू पडतात, त्यामुळे वाद मिटण्याची सोय नाही. गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत हे दोन पंथ समोरासमोर आले की मागच्यांना पुढे काढून द्यावे लागते.

काकांच्या व्यवसायाला अलीकडे उतार आहे. प्राथमिकच्या वरच्या वर्गांना 2020 पासून ‘कोड फॉर फन’ या कोडिंगच्या उपक्रमाचे दहा तास सक्तीचे झाले, तेव्हा त्यांना भरभराटीची आशा होती, पण तिथे मुले रंगीत ठोकळे ओढून जोडतात, नोटपॅड उघडतच नाहीत. ओ-लेव्हलच्या कंप्युटिंगमध्ये 2017 पासून पायथन आहे खरे, मात्र त्याबरोबर येणारे आयडल ‘डॉट पीवाय’ स्वतःच लावते. व्हीएस कोडमध्ये तर नाव शेपटासकट डोळ्यांसमोर राहते. उरतो तो नोटपॅडचा हट्ट धरणारा एखादा जुन्या वळणाचा शिक्षक. काका त्याला न पाहताच मानतात.

मॅकबुक समोर आले की काका हात जोडतात. तिथे टेक्स्टएडिट मूळ सेटिंगमध्ये फाईल आरटीएफ म्हणून ठेवते, आणि नुसते नाव बदलून भागत नाही, कारण आत फाँट-रंगांच्या खुणा भरलेल्या असतात. फॉरमॅट मेनूतून ‘मेक प्लेन टेक्स्ट’ करावे लागते; शेपटे पाहायची तर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खाली जावे लागते. हे काम मॅकवाल्या काकांचे. ते कॉन्डोत राहतात, चहा घेत नाहीत आणि “आधी बॅकअप आहे का?” या प्रश्नाने सुरुवात करतात.