'मी गाडी चालवत नाहीये' या बटणास अनावृत पत्र

श्रीयुत बटणसाहेब,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरील तमाम वाहनचालकांच्या वतीने आपले जाहीर आभार. २०१७ साली आयफोनात गाडी चालवताना मेसेज अडवून धरणारी सोय आली, तेव्हा आमच्या पोटात गोळाच आला होता. गाडी चालू झालेली फोनला म्हणे आपोआप कळते! मग तो पडदा काळा करून गप्प बसतो आणि मेसेज पाठवणाऱ्याला परस्पर कळवून टाकतो की साहेब गाडी चालवताहेत. वाळूजहून निघण्याआधीच 'बाबा पेट्रोल पंपापाशी आलोय' असं ठोकून द्यायची आमची पूर्वापार रीत. तिचं कसं व्हायचं?

पण त्याच पडद्यावर आपण अवतरलात आणि जीव भांड्यात पडला. वाळूजच्या कंपनी-बसमध्ये खिडकीशी पेंगणारा कामगार आणि शेजारून बुलेट हाणणारा पठ्ठ्या, दोघांच्या फोनला वेग सारखाच जाणवतो. हँडल कुणाच्या हातात आहे, हे त्याला उमगत नाही. म्हणून तो आपल्याला पुढे करतो. आपल्यावर एकदा बोट टेकवलं की सुटका. ना शपथ, ना साक्षीदार, ना पंचनामा! आरोपीच्या शब्दावर एवढा विश्वास कोर्टही ठेवत नाही. तेही हँडलवरचा एक हात सोडून दिलेल्या शब्दावर.

सरकारही तितकंच समजूतदार. १ ऑक्टोबर २०२० पासूनचा नियम म्हणतो, गाडी चालवताना हातातला फोन वापरायचा तो फक्त रस्ता शोधायला. तेव्हापासून चौकात अडवलेला जो तो रस्ताच शोधत असतो. उभा जन्म सिडकोत गेला, तरी नकाशात बघितल्याशिवाय आकाशवाणी चौक काही सापडत नाही. आणि हात मोकळे ठेवायचेच असतील, तर फोन हेल्मेटात खोचायची, स्कार्फमध्ये बांधायची किंवा मान वाकडी करून खांद्यावर पेलायची कला आम्हाला अवगत आहेच. ताशी ४० च्या वेगात ५ सेकंद मेसेज वाचला, तर गाडी सुमारे ५५ मीटर बिनडोळ्यांची धावते. तेवढ्या टापूत कुणी रस्ता ओलांडत असेल, तर त्याने आपलं आपण बघून घ्यावं.

आता एक धोक्याची सूचना. २०१६ साली सॅमसंगने भारतातल्या दुचाकीवाल्यांसाठी 'एस बाइक मोड' आणला होता. त्यात फोन करणाऱ्यालाच ऐकवलं जाई, की समोरचा माणूस गाडीवर आहे, अगदीच तातडीचं असेल तर १ दाबा. हा प्रकार आम्हाला भयंकर वाटतो, कारण तो चालवणाऱ्याला सोडून थेट फोन करणाऱ्याला हटकतो. आमच्या गावात 'गाडीवर आहे, नंतर बोलतो' म्हणणारा हमखास घरी सोफ्यावर असतो. खरोखर गाडीवर असतो, तो म्हणतो, 'बोल बोल, मोकळाच आहे!' काय करणार? दोन रिंगांत उचलला नाही, तर साहेबांना संशय येतो, बायको पुन्हा लावते आणि आई शेजाऱ्यांना उठवते.

म्हणून हात जोडून विनंती, आपली बदली फोन करणाऱ्याच्या पडद्यावर होऊ देऊ नका. उद्या तिथे कुणी विचारलं, 'ते सेव्हन हिल्सच्या पुलावर आहेत, तरीही बोलायचंय?' आणि 'हो' म्हणणाऱ्याकडून कारण लिहून घेतलं, तर तातडीच्या रकान्यात 'येताना कोथिंबीर' असं टाइप करताना भल्याभल्यांची बोटं अडखळतील. अर्धे फोन तिथेच बंद होतील. मग गाडीवरच्या माणसाला आपल्याला दाबायचं कारणच उरणार नाही, आणि आपली नोकरी जाईल.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
'बोल बोल, मोकळाच आहे'वाले