एका ओळीत सगळे

गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात ऑनलाइनची कामं करणारा एक इसम भेटतो. पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला हे पोटापुरतं. खरा जीव रेजेक्सवर. रेजेक्स म्हणजे मजकुरातून ठरावीक घडणीचं तेवढंच उचलणारा साचा. त्याचा पाया गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी 1951 साली घातला, हे विम्याच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही आता पाठ झालंय.

गणेश मंडळानं त्याला एकदा काम दिलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरांनी टाकलेल्या आपापल्या प्रोफाइलच्या लिंका वेचून यादी करायची. हातानं केली असती तर चहा निवायच्या आत झाली असती. पण हातानं करील तो हा कसला! "भाऊ, एकाच ओळीत सगळे धरायलोय," म्हणाला आणि दुपार घालवली.

पोरांची नावं बघा. 'चकलांब्याचा वाघ' इंग्रजीत सलग लिहिलं की 17 अक्षरं. इन्स्टाग्रामला 30 चालतात, तिथं वाघ ऐसपैस. ट्विटरला 15 च. मग 'घ' गळतो आणि वाघाचा नुसता 'वा' उरतो. साच्यात ही मोजमापं त्यानं सोनाराच्या नजरेनं बसवली.

ट्विटरचं एक्स झालंय म्हणून 'एक्स डॉट कॉम'ही घातलं. त्याच्या आधी काय असावं, हे सांगायचं तेवढं राहिलं. कुणीतरी ग्रुपवर नेटफ्लिक्सवरच्या सिनेमाची लिंक टाकलेली. त्या पत्त्याचंही टोक एक्स डॉट कॉमच! पुढचा 'टायटल' हा शब्द नाव म्हणून उचलला गेला आणि मंडळात टायटल नावाचा कार्यकर्ता भरती झाला. फेसबुकवरून 'ग्रुप्स' नावाचा दुसरा आला. वर्गणी कुणाकडं मागायची, यावर खजिनदार तापला.

हा मात्र शांत. एप्रिल 2024 मध्ये खुद्द एक्सनंच पोस्टांमधलं 'ट्विटर डॉट कॉम' परस्पर 'एक्स डॉट कॉम' करून दाखवायला घेतलं, तेव्हा 'नेटफ्लिट्विटर' लिहिलं तरी नेटफ्लिक्स दिसायचं. "त्यांचे एवढाले इंजिनिअर चुकतेत, मग आपुन कोण?"

त्याला लिंक पाठवायची झाली, तर प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं छाटून पाठवा. फेसबुकची आकडेवाली जुनी लिंक असेल तर मात्र कात्री लावू नका. तिथं माणूस प्रश्नचिन्हाच्या पुढंच असतो.