गर्दीतल्या शर्यतीसाठी जुनी गाडी कशी निवडावी

रोज हिंजवडीला जाण्यासाठी वेगवान गाडी घ्यायची, हा निर्णय पुरेशा विचारान्ती झालेला आहे असं इथे गृहीत धरलं आहे. वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी पायी चालणारे आपल्याला मागे टाकतात हे खरं. पण उद्या अचानक रस्ता मोकळा झाला तर? माणसाची तयारी हवी. उमेदवार मोजकेच आहेत. चाकणला बनलेली, 2013 साली आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. रांजणगावची, 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंतो. आणि 2017 ची बलेनो आरएस. तिन्ही आता नव्या मिळत नाहीत, त्यामुळे त्यांचे मालक व्यवहाराच्या वेळी मुलीची पाठवणी करावी तसा चेहरा करतात. त्या चेहऱ्याकडे बघून किंमत वाढवू नये.

पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम: कमी चाललेली गाडी टाळावी. 'डॉक्टरांनी वापरलेली, फक्त पंचवीस हजार' ही जाहिरात वाचून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यांनी पोलोच्या जुन्या 1.2 लिटर इंजिनाबरोबर येणारा डीएसजी गिअरबॉक्स समजून घ्यावा. त्यात सात गिअर आणि दोन कोरडे क्लच असतात. सिग्नलला ब्रेक सोडला की गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि तेवढा वेळ क्लच अर्धवट लागून घासत राहतो. तो तेलात बुडालेला नाही, त्यामुळे तापतो आणि झिजतो. म्हणजे आठ वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर घर ते दवाखाना रांगलेल्या गाडीने क्लचला जे भोगायला लावलं, ते कोल्हापूर-पुणे करणाऱ्या ऐंशी हजारवालीने लावलेलं नसतं. तिचा क्लच एकदा पूर्ण लागला की पुढचा टोलनाका येईपर्यंत निवांत असतो. इंजिनाचंही तेच. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडत असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी धरते. आणि तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल नीट तापायच्या आतच गाडी पार्किंगला लागते. टायरसुद्धा न वापरता म्हातारे होतात: बाजूवरचे शेवटचे चार आकडे 2318 असतील, तर ते 2018 च्या तेविसाव्या आठवड्यातले आहेत, नक्षी कितीही खोल दिसो.

यावर आक्षेप येतो की हायवेवर पळवलेली गाडी हाणलेली असते. असते ना, काही असतातच. पण एक्सप्रेसवेवर कारची कमाल मर्यादा 100 आहे, आणि कंपनीच्या दाव्यानुसार पोलोला तिथवर पोचायला 9.7 सेकंद लागतात. त्यानंतर लोणावळ्यापर्यंत करण्यासारखं फारसं काही उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मीटर मागे फिरवता येतं, मग आकड्याला काय अर्थ? म्हणूनच सर्व्हिसच्या पावत्या तारखेसह मागाव्यात. झिजून चकचकीत झालेलं स्टिअरिंग आणि गुळगुळीत ब्रेक पेडल यांना मीटरपेक्षा अधिक विश्वासू साक्षीदार मानावं. ज्यांना क्लचची ही सगळी चिंता नको, त्यांनी 2020 नंतरची 1.0 टीएसआय ऑटोमॅटिक बघावी. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर आहे.

ट्रायलसाठी विक्रेता रविवारी सकाळी सातची वेळ देईल. आपण शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची मागावी. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावावा. गरम असेल तर इंजिन थंड असताना सुरू होताना कसं खडखडतं, हे आपल्याला ऐकू येऊ नये अशी सोय झालेली आहे. मग अर्धा तास रांगेत काढून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरते का ते पाहावं. रीमॅप केलं होतं का, हेही विचारावं, आणि 'नाही' हे उत्तर येण्याआधी किती वेळ गेला तो मोजावा.

घरच्यांची समजूत मात्र अश्वशक्तीने पटत नाही. तिथे दोन एअरबॅग असलेल्या पोलोला 2014 साली ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले होते, एवढंच सांगावं, आणि विषय मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 कडे वळवावा.