परमुलखात आपले होण्याचे नियम (न्यू जर्सी आवृत्ती)

सदर नियमावली न्यू जर्सीत नुकत्याच उतरलेल्या, उतरू घातलेल्या आणि वीस वर्षांपूर्वी उतरूनही मनाने अजून विमानतळाच्या पट्ट्याशी बॅगेची वाट पाहत असलेल्या मराठी स्त्रीपुरुषांसाठी केली आहे. शिकागो, डॅलस वगैरे ठिकाणच्या मंडळींनी स्थानिक हवामान पाहून तीत फेरफार करण्यास हरकत नाही. नियम पाळल्याने ग्रीनकार्ड मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. ते कशानेच लवकर मिळत नाही.

नियम १ : सामान

विमान कंपनी बहुधा प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देते. त्यांत कपडे भरून जागा वाया घालवू नये. कुकर, कुकरच्या जादा रिंगा, पोळपाट-लाटणे, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि आईने शेवटच्या क्षणी कोंबलेला लाडवांचा डबा एवढे असावे. काटा २३च्या पुढे गेल्यास आईसमोर मेतकूट बाहेर काढू नये. स्वतःचे बूट काढावेत. ताजी फळे, बिया आणि कढीपत्ता नेऊ नये. त्यांना तिकडे मज्जाव आहे आणि विमानतळावर हुंगत फिरणारे बीगल जातीचे कुत्रे कोणाच्याही ओळखीने ऐकत नाही.

पहिल्याच रविवारी एडिसनजवळच्या ओक ट्री रोडवर जाणे होईल. तिथे वरील यादीतल्या बहुतेक वस्तू, मेतकुटासकट, दुकानाच्या मांडणीवर रांगेने उभ्या दिसतील. हे आईला कधीही कळवू नये.

नियम २ : ओळखपाळख

‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला ‘इंडिया’ हे उत्तर अमेरिकन माणसाला पुरते. फार तर तो आपल्या हैदराबादी दंतवैद्याचे नाव घेऊन ‘ओळखता का त्यांना?’ असे विचारील. मराठी माणसाचे एवढ्यावर भागत नाही. ‘पुणे’ म्हणावे तर ‘पुण्यात कुठे?’, ‘कोथरूड’ म्हणावे तर ‘ते झालं हो, मूळचे?’, ‘सातारा’ म्हणावे तर ‘शहर की जिल्हा?’ अशी चौकशी थेट गावच्या वेशीपर्यंत जाते. वाटेत आडनावावरून जात काढण्याचा जुना उद्योगही चालू असल्याचे जाणवेल. तो व्हिसा न काढताच सोबत आलेला आहे. त्याला चहा विचारू नये.

चौकशीच्या शेवटी असे निष्पन्न होते की, त्यांच्या वहिनीचे मामा आणि तुमचे थोरले काका एकाच बँकेत, वेगवेगळ्या शाखांत, वेगवेगळ्या काळी नोकरीला होते. यावर दोन्ही बाजूंनी मनापासून आनंद व्यक्त करावा.

नियम ३ : मुक्कामाचा कालावधी

एच-१बी व्हिसा सुरुवातीला तीन वर्षांपर्यंतचा मिळतो, एकूण सहापर्यंत वाढतो आणि ग्रीनकार्डाचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत गेलेले असल्यास त्याच्याही पुढे. घराचे कर्ज मात्र तीस वर्षांचे मिळते. म्हणजे सरकारदरबारी तुम्ही तात्पुरते आणि बँकेत कायमचे. या दोघांपैकी बँकेवर विश्वास ठेवून अंगणात झाड लावावे.

रांग लांब का, याचेही उत्तर ठाऊक असावे. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. देश भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. मन खचू लागल्यास हापूसचे स्मरण करावे. भारतीय आंब्याला अमेरिकेने १९८९ साली बंद केलेले दार २००७ साली उघडले, तेसुद्धा त्याने आधी गॅमा किरण अंगावर घ्यावेत या अटीवर. त्यासाठी वापरलेले केंद्र नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावचे. ते मुळात उभारले होते कांद्यांसाठी. फळांचा राजा निमूटपणे कांद्यांच्या दारी गेला, किरण घेतले, शिक्का मारून घेतला आणि मग विमानात बसला. तुमचे तर नुसते बोटांचे ठसे मागितले आहेत. कुरकुर करू नये.

नियम ४ : फोडणी

नव्या घरात शिरल्यावर देव्हाऱ्याची जागा ठरवण्याआधी छतावरचा धुराचा भोंगा कुठे आहे ते पाहावे. मिरचीची फोडणी म्हणजे आग नव्हे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. फोडणीपूर्वी झोपायच्या खोल्यांची आणि कपाटांची दारे लावून घ्यावीत. थंडीचे कोट तर हटकून आत असावेत. नाहीतर सोमवारी ऑफिसच्या लिफ्टमध्ये तुमच्या आधी लसूण शिरतो. भोंगा वाजलाच तर एकाने शेगडी बंद करावी, दुसऱ्याने खिडकी उघडावी आणि घरातल्या सर्वांत उंच माणसाने खुर्चीवर चढून पंचाने वारा घालावा. ही कामे ज्या घरात एक शब्द न बोलता होतात, ते कुटुंब स्थिरावले असे समजावे.

नियम ५ : सणवार

पंचांगात तिथी असते, परदेशात शनिवार असतो. चतुर्थी मंगळवारी आली तरी मंडळाचा गणपती पुढच्या शनिवारी, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात येतो. सकाळी प्राणप्रतिष्ठा आणि त्याच दिवशी उत्तरपूजा, कारण रात्री दहाला शाळेचा माणूस दिवे मालवून कुलूप लावतो. गुढीची काठी बागकामाच्या दुकानात, टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायच्या काठ्यांत शोधावी. पाडव्याच्या सुमारास तिथल्या झाडांना पानेच नसतात, तेव्हा कडुनिंबाचा प्रश्न आपोआप मिटतो. संक्रांतीची काळी साडी फुगीर कोटाखाली कोणालाही दिसत नाही, तरी नेसावी. देव या तडजोडींना हरकत घेत नाही. हरकत सासूबाई घेतात, व्हिडिओ कॉलवर.

नियम ६ : फोन

भारताचे घड्याळ न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेतले काटे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकवतात. ही गोष्ट आईला दर नोव्हेंबरात नव्याने समजावून सांगावी. तोवर ती रोजच्या वेळेला फोन आला नाही म्हणून शेजारच्या काकूंना बोलावून बसलेली असते.

फोनवर दोन्हीकडून ‘सगळं ठीक आहे’ एवढेच म्हणावे. तुम्ही गेलेली नोकरी लपवावी, त्यांनी मोतीबिंदूचे ऑपरेशन लपवावे. महिन्याभराने दोन्ही बातम्या मावशीमार्फत योग्य ठिकाणी पोचतात.

नियम ७ : मंडळ

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना एकत्र बांधण्यासाठी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. एकत्र बांधण्याची गरज भासली, यावरून एकूण परिस्थितीची कल्पना यावी. नवख्याने जवळच्या मंडळाचे सदस्य व्हावे. गावात दोन मंडळे असल्यास दोन्हींचे व्हावे आणि हे दोन्हींकडे सांगू नये.

मंडळातली बढती पदार्थांवरून ओळखतात. पहिल्या वर्षी तुम्हाला कागदी प्लेटा, चमचे आणि बर्फ आणायला सांगतील. यात अपमान नाही. बर्फ बिघडत नाही, इतकेच. पुढच्या खेपेला दही. दही आंबट निघाले नाही तर कोशिंबीर, मग साधा भात, मग आमटी. मसालेभात हे पद आहे, त्यासाठी कोणीतरी निवृत्त व्हावे लागते. पुरणपोळी एकाच घरात वर्षानुवर्षे असते, तिच्यावर डोळा ठेवू नये.

वरच्या श्रेणीत पदार्थ संपून कामे सुरू होतात: खुर्च्या लावणे, स्पीकर जोडणे, थंडीत पार्किंगमध्ये उभे राहून गाड्या वळवणे, रविवारच्या शाळेत मुलांकडून ‘बाळ’ आणि ‘बाल’ वेगवेगळे म्हणवून घेणे. सर्वांत वर तो माणूस, ज्याच्या गॅरेजमध्ये मखर असते. त्याला अकरा महिने स्वतःची गाडी बाहेर बर्फात उभी करावी लागते. त्याच्याइतका मान कोणाला नाही.

येथे एक इशारा. सुरुवातीला मंडळी तुमच्याशी अतिशय गोड वागतात. ‘तुम्ही बसा हो’, ‘तुम्ही कशाला उठता?’, ‘आधी तुम्ही घ्या’. यावर भाळू नये. ही वागणूक पाहुण्यांसाठी राखलेली आहे. एखाद्या दिवशी कार्यवाह काकू भर सभागृहात तुमच्यावर ओरडतील, ‘अरे, अजून टेबलं नाही लावली? करतोयस काय मघापासून?’ त्या रात्री घरी गोड करावे.

नियम ८ : शेजार

शेजाऱ्यांशी हवेबद्दल बोलणे ही बालवाडी झाली. तिथे वर्षानुवर्षे रेंगाळू नये. खरी प्रगती कचऱ्याच्या डब्यापासून मोजतात. पलीकडचे आजोबा दार वाजवून ‘तुमचा डबा परवापासून रस्त्यावरच आहे’ असे बजावतात, तेव्हा नवखा मनुष्य दुखावतो आणि हा वंशभेद आहे की काय, याचा रात्रभर विचार करतो. विचार चुकीचा नाही, जागा चुकीची आहे. वंशभेद भेटतो तेव्हा तो डब्याबद्दल बोलत नाही. दुकानाच्या रांगेत ‘आपल्या देशात परत जा’ म्हणतो आणि निघून जातो. त्याला तुमच्या कर्जाची तीस वर्षे माहीत नसतात. आजोबांना मात्र तुम्ही पुढच्या मंगळवारीही इथेच असणार हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते आजच बोलतात. डबा आत घ्यावा. हेच आजोबा हिवाळ्यात फ्लोरिडाला निघाले की घराची किल्ली आणि मांजर तुमच्या हवाली करतील.

या नियमाला जुना आधार आहे. ओक ट्री रोडवरून गाडीने अर्ध्या तासावर रोझेल नावाचे गाव लागते. १८८३ साली आनंदीबाई जोशी तिथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरल्या. कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे ताटकळत असताना एका मिशनरी नियतकालिकात त्यांच्याविषयी वाचले होते आणि उठून पत्र लिहिले होते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तेव्हा मंडळ नव्हते, मेतकुटाचे दुकान नव्हते, फोन करायची सोय नव्हती. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा न्यू यॉर्क राज्यात पकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आहे. घरी उतरलेल्या पाहुणीला त्या कुटुंबाने आपल्या माणसांच्या रांगेत जागा दिली. या नियमात यापुढे भर घालण्यासारखे आमच्याकडे काही नाही.

नियम ९ : सुट्टीत घरी

अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि अर्ज केल्यास ओसीआय कार्ड मिळते. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोकणात कलमांची बाग घेऊन निवृत्त होण्याचे स्वप्न शपथविधीच्या आदल्या रात्रीपर्यंत पाहून संपवावे.

तथापि खरा धोका कार्डात नसून घरात असतो. तुम्ही पोचताच आई शोकेसमधल्या ताटल्या काढते. पाण्याची बाटली विकत आणते आणि ‘तुला आपलं पाणी सोसेल ना रे?’ असे विचारते. भाजी आणायला धाकट्याला पिटाळते. बाबा रिमोट तुमच्या हातात देतात. नियम ७ मधला इशारा इथे पुन्हा वाचावा: ही पाहुण्यांची वागणूक आहे. लक्षणे दिसताच विलंब न करता ओला टॉवेल पलंगावर टाकावा आणि तिथून निघून जावे. आई पहिल्या दिवशी तो गुपचूप उचलील. दुसऱ्या दिवशी उचलताना काही पुटपुटेल. खणखणीत आवाजात ‘अमेरिकेत हेच शिकलास का?’ ऐकू येईपर्यंत उपचार चालू ठेवावा.

स्वयंचाचणी

खालील प्रश्नांची उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी लिहावीत.

१. गेल्या वर्षभरात कोणी तुम्हाला न विचारता तुमचे नाव एखाद्या यादीत घातले आहे काय?

२. तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या घराची किल्ली तुमच्याकडे आहे काय?

३. ‘रात्री अकराला विमानतळावर घ्यायला ये’ असे कोणी तुम्हाला सांगते काय? (विचारणारे धरू नयेत, फक्त सांगणारे धरावेत.)

४. तुमच्या दह्याबद्दल कोणी तोंडावर वाईट बोलले आहे काय?

५. आई ओरडली काय?

तीन उत्तरे ‘होय’ असल्यास आपण उत्तीर्ण आहात, मग पासपोर्ट कोणत्याही रंगाचा असो. पाचही उत्तरे ‘नाही’ आल्यास निराश होऊ नये. उत्तरपत्रिका येत्या शनिवारी सकाळी साडेआठला शाळेच्या मागच्या दाराशी स्वतः आणून द्यावी. त्याच वेळी तिथे ट्रकमधून खुर्च्या उतरवायच्या आहेत. तुमचे नाव यादीत घातले आहे.