चार हजार सातशे ओहमच्या मावशी

लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाच्या रस्त्याला पुढे डॉ. भडकमकरांचं नाव मिळालं, तरी आम्हा गिरगावकरांच्या तोंडातून लॅमिंग्टन काही जाईना. रेझिस्टन्स म्हणजे काय, हे त्या लाटसाहेबाला ठाऊक असायचं कारण नाही. मला मात्र शाळेत असल्यापासून ठाऊक होतं, आणि ते मला ठाऊक आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून मी शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर अडकवून हिंडायचो.

१९७५ साली त्याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा टॉकीजला 'शोले' लागला आणि पाच वर्षं तिथून हलला नाही. मित्र तिकिटासाठी ताटकळायचे. मी हातात रेडिओच्या पार्टांची यादी घेऊन, त्यांना दिसेल पण मला ते दिसलेच नाहीत अशा बेताने समोरून जायचो.

तिथल्या पार्टांच्या दुकानात शिरायचं ते गर्दीच्या वेळी. रिकाम्या दुकानात 'एसी वन ट्वेंटी एटची मॅच्ड पेअर' मागण्यात काय मजा? काउंटरमागचे शेठ चष्म्यावरून बघत.

"पुशपुल बनवतो काय?"

"हो!" (हे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं.)

"ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर आहे?"

"तो... पुढच्या वेळी." (हे शेठनाही जेमतेम ऐकू जाईल असं.)

शेठ हसत नसत. मल्टिमीटर पुढे ओढून डबीतले चार-पाच ट्रान्झिस्टर एकेक लावून बघत, त्यातले जुळणारे दोन निवडत आणि कागदाच्या पुडीत बांधून देत.

रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे मला तोंडपाठ होते. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. एवढी विद्या अंगात आल्यावर जग पूर्वीसारखं दिसत नाही. मुंजीच्या पंगतीत समोर मावशी बसलेल्या: पिवळी साडी, जांभळे काठ, लाल ब्लाउज. झाले चार हजार सातशे ओहम! "कुणाकडे टक लावून बघतोयस रे?" आईने दटावलं. "फोर पॉइंट सेव्हन के," मी म्हणालो. पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि काळी टोपी घातलेले एक काका नव्याण्णव ओहमचे भरले. या किमतीचा रेझिस्टन्स बाजारात मिळत नाही. ब्याऐंशीनंतर सहसा एकदम शंभर. आणि काकाही तसेच, कुठल्याच सर्किटमध्ये न बसणारे. चौथा पट्टा जरीचा. सोनेरी असेल तर किंमत पाच टक्के इकडेतिकडे चालते, चंदेरी असेल तर दहा टक्के. माझ्या हिशेबाने सोनेरी जरीच्या बायका फारसं चालवून घेत नसत, चंदेरीवाल्या थोडं जास्त. आणि चौथा पट्टाच नसेल तर वीस टक्के. आईच्या रोजच्या सुती साडीला जर नव्हती. घरभर तारांचे तुकडे, स्टुलावर सोल्डरिंग आयर्नचा डाग, राळेचा धूर आणि विज्ञानात काठावरचे मार्क, हे सगळं त्या वीस टक्क्यांत बसून गेलं.

असो. रेडिओ एकदाचा बोलला. त्यावर मुंबई 'ब' आणि विविध भारती दोन्ही लागत, फक्त एकाच वेळी. स्टेशन बदलायचा गँग कितीही फिरवला तरी दोघं एकमेकांना सोडेनात. पार्ट चांगले होते, हे इथे सांगितलं पाहिजे.

त्या दुकानांत गोडवा होता, असं मी म्हणणार नाही. बसायला जागा नाही, विकलेला माल परत नाही, नीट नाव सांगता आलं नाही तर पुढचं गिऱ्हाईक. पण दहा-पंधरा पैशांचा एक रेझिस्टन्स मागणाऱ्या पोराला कुणी हाकललं नाही. शेठ उठत, स्टुलावर चढत, वरचा खण काढत आणि एकच नग काढून देत. त्या एका नगाच्या विक्रीत त्यांना काय सुटत असेल?

परवा घरातला स्पीकर बंद पडला. दुरुस्तीवाल्या मुलाने तो उघडलाही नाही. "बोर्डच जातो काका, नवीन घ्या." मी हट्टाने घरी उघडला. आतले रेझिस्टन्स खसखशीएवढे, काळे, एकावरही पट्टा नाही. माझी सगळी विद्या मुंजीच्या पंगतीपुरतीच उरली. त्या मुलाचा राग आला, पण खरं सांगायचं तर जास्त राग स्पीकर डिंकाने चिकटवून बंद करणाऱ्यांचा आला. उघडूच नये, अशा बेताने वस्तू बनवायची, ही कसली रीत?

जुन्या रेडिओसाठी मात्र एक रेझिस्टन्स हवाच होता. ऑनलाइन मागवला, तर कमीत कमी शंभरांचं पाकीट. त्यामुळे माझ्याकडे फोर पॉइंट सेव्हन के भरपूर पडून आहेत. कुणाला हवे असतील तर खुशाल घरी या. एकच हवा असला तरी या, पुडीत बांधून देईन. फक्त काय बनवताय ते सांगावं लागेल, आणि जरा मोठ्याने.