चाळीस घोड्यांची पागा कशी वाढवावी

(नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शिका. ग्रीस लागल्याने चित्रं छापता आलेली नाहीत.)

साहित्य: प्रीमियर पद्मिनी एक, बंद असली तरी चालेल. पावसाचं पाणी येत नाही अशी जागा. एक मिस्त्री. पैसे, अंदाजाच्या तिप्पट. अंदाज तुम्हीच करायचा असल्याने तो मनाला येईल तेवढा कमी धरायला हरकत नाही.

कामाला हात घालण्याआधी आपण काय उघडतोय ते जाणून घ्या. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. हीच मापं फियाटने १९३७ साली आपल्या ५०८ सी या गाडीत वापरली होती. वालचंद हिराचंदांच्या कंपनीने कुर्ल्यात फियाट ११०० बांधली, १९७० च्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं, पण बॉनेटखालचा वंश तोच राहिला. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर. या इंजिनाच्या मर्यादा इटलीतल्या इंजिनिअरांना ठाऊक होत्या, कुर्ल्यातल्यांना ठाऊक होत्या आणि बोर घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होत्या. तुम्हाला त्या ठाऊक नाहीत, हेच तुमचं भांडवल.

मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट शर्यतीत पळायच्या, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. खरं आहे ते. त्या गाड्या तयार करणारे आदल्या रात्री जागून काय करायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. ते मोजत असायचे आणि धूत असायचे. तुमचाही बहुतेक वेळ त्यातच जाणार आहे, तेव्हा एक्झॉस्टचा मोठा पाइप आणि बॉनेटवरचे पांढरे पट्टे यांची ऑर्डर तूर्त रद्द करा.

पायरी पहिली, खरेदी. ब्लॉक तीन ठिकाणी मिळतो: ओळखीच्या काकांच्या अंगणात, मोडीत निघालेल्या टॅक्सीत किंवा भंगारवाल्याकडे. काकांची गाडी सर्वांत चांगली, कारण ती फारशी पळालेली नसते. पण काका ती विकत नसतात, वर्षानुवर्षं विकण्याचा विचार करत असतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या जातीचे ब्लॉक सापडतात, पण त्यांनी लाखो किलोमीटर रेटलेले असतात आणि ते एकदोनदा तरी बोअर झालेले, म्हणजे झिजलेला सिलिंडर कापून रुंद केलेले, असतात. कितवी साइझ चालू आहे ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलं असतं. माथा बघायला हेड उतरवावं लागतं, आणि विकणारा हेड उतरवू देत नाही. तेव्हा बाहेरून तडे शोधा, पाण्याच्या वाटांमध्ये टॉर्च मारा, इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा आणि बाकीचं दैवावर सोडा. शेवटच्या साइझला पोचलेला ब्लॉकही फेकायचा नसतो, लाइनर बसवून तो पुन्हा ६८ वर आणता येतो. हे वाक्य पाठ करून ठेवा, घरी लागेल.

पायरी दुसरी, इंजिन उतरवणं आणि खोलणं. चेनकप्पी भाड्याने आणा. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घाला आणि प्रत्येक डब्यावर लिहा. ‘आठवेल की’ असं म्हणणाऱ्याला चहा आणायला पाठवा. चारही कनेक्टिंग रॉडच्या कॅप दिसायला अगदी सारख्या असतात, पण सारख्या नसतात. कारखान्यात प्रत्येक कॅप आपल्या रॉडवर कसून मगच आतलं भोक गोल केलेलं असतं. कॅपची अदलाबदल झाली, किंवा तीच कॅप उलटी बसली, की भोक गोल राहत नाही आणि क्रँक फिरायचं नाकारतो. पंच घ्या, रॉडवर आणि कॅपवर एकाच बाजूला आकडे ठोका. मिस्त्री हसेल. हसू द्या.

पायरी तिसरी, धुणं. ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत घालतात; चाळीस वर्षांचं काळं निघून येतं आणि खालून लोखंड दिसतं, बहुधा पहिल्यांदाच. हेडही त्यातच टाकू, असं कुणी सुचवलं तर त्याला हेडजवळ फिरकू देऊ नका. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये नुसतं काळं पडत नाही, विरघळतं. टाकीतून निघाल्यावर तेलाच्या वाटांची बुचं काढा, लांब ब्रश घाला, हवा मारा, पुन्हा ब्रश घाला. पाण्याच्या वाटांच्या पातळ लोखंडी चकत्या ठोकून बाहेर काढा आणि मागच्या सिलिंडरभोवती काय साचलंय ते बघा: गंज, बोअरवेलच्या पाण्याचा क्षार, कुणीतरी गळती थांबवायला ओतलेली हळद. उन्हाळ्यात गाडी तापली की लोक रेडिएटर बदलत राहतात, आणि हा गाळ आपला जागच्या जागी असतो. तो खरवडून काढणं हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत कमी देखणं आणि, माझ्या मते, सर्वांत मोलाचं काम आहे. फोटो मात्र कुणी काढणार नाही.

पायरी चौथी, मोजणं. मिस्त्री सिलिंडरमध्ये बोट फिरवून म्हणेल, “साहेब, अजून दोन वर्षं जाईल.” त्याचं बोट फारसं चुकत नाही, पण ते बोअरिंगवाल्याकडे पाठवता येत नाही, म्हणून बोअर गेज लागतं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी, म्हणून तिथे तो सर्वांत जास्त खाल्लेला असतो. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिथे झिजून सिलिंडर अंडाकृती होतो. म्हणून वर, मध्ये आणि खाली, दरवेळी आडवं आणि उभं, असं चारही सिलिंडरांत मोजायचं. चोवीस आकडे होतात. ते वहीत लिहा, भिंतीवर नको. भिंती रंगवतात.

पायरी पाचवी, बोअरिंग.

थांबा. आधी पायरी सहावी करा: पिस्टन विकत घेणं. नवशिके आधी बोअर करून घेतात आणि मग त्या साइझचे पिस्टन शोधत गावोगाव हिंडतात. पिस्टन आधी हातात हवेत, कारण एकाच पेटीतले चार पिस्टनही शतांश मिलिमीटरने वेगळे भरू शकतात. पहिला पिस्टन मोजून पहिला सिलिंडर, दुसरा मोजून दुसरा, असं काम चालतं. दोघांमधली फट पिस्टन बनवणारा सांगेल तेवढीच ठेवायची. मिस्त्री म्हणेल ‘जरा मोकळं ठेवू’, आणि बोअरिंगवाला म्हणेल ‘जरा टाइट ठेवू’. तुम्ही मधे उभे राहा आणि कागद दाखवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर ब्लॉक एकटा पाठवू नका, पिस्टनची पेटी घेऊन स्वतः जा. काम शुक्रवारी मिळेल असं सांगतील. कुठल्या शुक्रवारी, हे विचारायची पद्धत नाही.

आता हिशेब. व्यास ६८ वरून ६८.४ मिलिमीटर केला की इंजिन १०८९ वरून ११०२ सीसी होतं. तेरा सीसी वाढले, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं एक टोपण. मित्रांना हा आकडा सांगू नका, ‘बोअर वाढवलाय’ एवढंच म्हणा.

बोअरिंगनंतर होनिंग. सिलिंडरच्या भिंतीवर दगडाने एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा पाडायच्या, त्यांत तेल धरतं आणि रिंगा बसतात. गुळगुळीत, चकचकीत भिंत बघून खूश होणारा माणूस पुढे निळा धूर बघून दुःखी होतो. होनिंगची भुकटी धुवायला पेट्रोल नको. पेट्रोलने तेलकटपणा जातो आणि दगडाचे कण रेघांत तसेच बसून राहतात. गरम पाणी, कपड्यांचा साबण, कडक ब्रश. मग पांढरं फडकं आतून फिरवायचं. करडं निघालं तर पुन्हा साबण. फडकं पांढरंच निघालं की त्याच क्षणी तेल चोळायचं, कारण जुलैत मुंबईत उघडं लोखंड दुपारी धुतलं तर संध्याकाळी तांबूस दिसतं.

पायरी सातवी, क्रँक. इथे तुमच्या स्वप्नांची मोजमापं घेतली जातात. चार सिलिंडरच्या या क्रँकला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा आहे. आजच्या गाड्यांत पाच असतात. फेऱ्या वाढवल्या की दोन आधारांमधला क्रँक किंचित वाकतो, दर फेरीला. आणि जास्त ताकद हवी तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. या पेचातून पूर्ण सुटका नाही, पण त्रास कमी करता येतो. क्रँक ग्राइंड करून बॅलन्स करून घ्या. चार पिस्टन आणि चार रॉड ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोला, सर्वांत हलका कुठला ते बघा आणि बाकीचे न दुखणाऱ्या जागी घासून त्याच्या वजनाला आणा. सोनार ‘घडणावळ किती?’ असं विचारेल. त्याला खरा आकडा सांगितलात तर तो धंदा बदलेल.

पायरी आठवी, जोडणी. रिंग सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. जुना ठोकताळा असा की व्यासाच्या दर इंचाला चार हजारांश इंच, म्हणजे इथे साधारण पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. फट कमी पडली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो, तुमच्या डोळ्यांदेखत नाही, खंडाळ्याच्या चढावर. प्रत्येक पिस्टन बसवला की क्रँक हाताने फिरवून बघा. अडकला तर तिथेच थांबा. “चालू झालं की सेट होईल,” हे मिस्त्रीचं वाक्य आदराने ऐका आणि तो पिस्टन परत काढा. हेडचे नट मधून बाहेर, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायची हौस बेताने भागवा, नाहीतर चढावर नॉकिंगचा टाळ वाजत राहील. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

पायरी नववी, पहिला स्टार्ट. प्लग काढून, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. नवा कॅम आणि नवे टॅपेट घातले असतील तर इंजिन पेटल्याबरोबर दोन हजार फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. आयडलवर सोडलंत तर कॅमला पुरेसं तेल उडत नाही आणि नवा कॅम तासाभरात जुना होतो. ही वीस मिनिटं सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्याशी बोलतील. ऐकू येत नाही असा हात करा. खरोखरच येत नसतं.

यानंतर गाडी पळेल. सगळं नीट जमलं तर दहाएक घोडे वाढलेले असतील, मिस्त्रीला पेढे द्या. सिग्नलला शेजारी सीएनजीवरची वॅगनआर येऊन थांबेल, मागे सामान, छतावर सामान, आत माणसं. तिच्याकडे सुमारे ५७ अश्वशक्ती आहे. तिच्याकडे बघू नका. कागदपत्रांचंही फार मनावर घेऊ नका, पण माहिती असू द्या: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाला येईल तसे फेरफार करू देत नाही, आणि २०२१ पासून व्हिंटेजचा दर्जा मिळतो तो पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला. तुमची गाडी पन्नाशीला आली असेलही, पण मूळ रूपाचं तुम्ही काय केलंय ते वर नऊ पायऱ्यांत लिहिलेलं आहे.

पायरी शून्य. ही पहिल्या पानावर छापायची राहिली: ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, आणि ते चाळीस घोड्यांच्या हिशेबाने दिलेले आहेत. ड्रम लेथवर घेऊन गोल करा, शूज नवे टाका, सिलिंडरची रबरं बदला, तेल बदला. इंजिनाला हात लावायच्या आधी हे करायला हवं होतं. मिस्त्री म्हणेल की तो पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता. सांगत नव्हता. पण आता वाद घालू नका, मास्टर सिलिंडर त्याने खोलून ठेवलाय आणि तुम्हाला गाडी घरी न्यायची आहे.